एकाच सेकंदात चार वेळा

मी जात्याच उतावळी. चहाला उकळी येईपर्यंत हिला गॅसपाशी उभं करू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोनदा झाकण उघडून बघणार आणि तिसऱ्यांदा कच्चाच गाळून मोकळी होणार. आणि नशीब बघा, अशा बाईच्या वाट्याला नोकरी आली ती वाट बघणारे प्रोग्रॅम लिहिण्याची. कुणीतरी बटण दाबेल म्हणून बसून राहायचं, दाबलं की चटकन उठून काम करायचं, पुन्हा बसायचं. हे मशीनला शिकवायचं काम मी बरीच वर्षं केलं, आणि बरं केलं असं लोक म्हणतात. त्यातलं एक मात्र फार वाईट केलं. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही, म्हणून तेच सांगते.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी बदलापूरला राहत होते आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगासाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागले होते. विभाग कसला, एक खोली. तिला एसी होता, आणि तो माणसांसाठी नसून मशीनसाठी आहे हे आमचे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगत. अख्ख्या ऑफिसात बायका आम्ही तिघी, त्यातल्या दोघी टायपिंगला. मला अजून कायम केलेलं नव्हतं. सहा महिन्यांनी बघू म्हणाले होते, त्याला दहा होऊन गेले होते.

प्लांटमध्ये आठ मोठी लोखंडी भांडी होती. त्यांना सगळे व्हेसल म्हणत. आत माल शिजायचा, आणि तापमान फार चढलं की भांड्याच्या बाहेरच्या कवचातून गार पाणी सोडावं लागे. ते पाणी सोडणारे लोक बसायचे लांब, दुसऱ्या शेडमध्ये. पूर्वी त्यांना घंटा वाजवून कळवत. साहेबांच्या मनात आलं की हे कॉम्प्युटरवरून व्हावं. ऑपरेटरनं टर्मिनलवर एक बटण दाबायचं, पलीकडच्या शेडमध्ये बझर वाजणार, तिथला माणूस त्याच्या टर्मिनलवरून उत्तर देणार, की इकडे पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘पोचलं’ असं उमटणार. सगळ्याची वेळेसकट नोंद होणार आणि कागदावर छापून निघणार. हे काम माझ्याकडे आलं आणि मी हरखून गेले.

त्या आठ व्हेसलवर वीस वर्षं काढलेले एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायला लागले. वांगणीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एका वाडीत त्यांचं घर, थोडी भातशेती. शिक्षण चौथी-पाचवी असेल, पण व्हेसलजवळ नुसता तळवा धरून आत किती चढलंय ते सांगायचे, आणि थर्मामीटर बघावा तर तेच. प्लांट मला त्यांनीच शिकवला. मी चपला घालून आले की चिडायचे. बाईमाणूस म्हणून ॲसिड काही सोडत नाही, बूट घाला म्हणायचे.

मामा आणि त्यांचा जोडीदार काम कसं वाटून घेतात ते मी वहीत लिहून घेत होते. एक जण घंटेपाशी बसून राहायचा. दुसरा आठही व्हेसलची फेरी मारायचा, तापमान बघायचा आणि येऊन बसलेल्याला सांगायचा. मी म्हटलं, दोघांनी चार-चार वाटून घेतली तर लवकर नाही का उरकणार? मामा म्हणाले, आनि दोघंबी फेरीला गेलो आन् पलीकडून कुनी हाक मारली तर ऐकायला कोन ऱ्हायलं? व्हेसल काय हाक मारत नाय, त्याला जाऊनच इचारावं लागतं. मानूस हाक मारतो, त्याच्यासाठी एक जन बसलेला पायजे. मी हो हो म्हणत तेही लिहून घेतलं आणि पान उलटलं.

आता माझं शहाणपण ऐका. बटणांचं सोपं होतं. बटण दाबलं की मशीनला आपोआप कळतं. प्रोग्रॅमनं नुसता कान देऊन बसायचं. तापमानाचं तसं नव्हतं. ते मोजणारा एक डबा प्लांटच्या भिंतीवर बसवला होता आणि त्याची वायर आमच्या मशीनला आणली होती. हा डबा महा अबोल. स्वतःहून तोंड उघडायचा नाही. पहिल्या व्हेसलचं किती? विचारा, मग सांगणार. दुसऱ्याचं किती? पुन्हा विचारा. म्हणजे दर मिनिटाला त्याच्या दारात जाऊन आठ वेळा विचारणं आलं.

आमच्या मशीनवर युनिक्स नावाची सिस्टीम होती, आणि युनिक्समध्ये याला सरळ रस्ता होता. चालू प्रोग्रॅम स्वतःची एक प्रत काढू शकतो. त्याला फोर्क करणं म्हणतात. मूळ प्रोग्रॅमनं बटणांपाशी बसायचं आणि प्रतीनं डब्याला विचारत राहायचं. डब्यानं उत्तर दिलं की प्रतीनं ते मूळ प्रोग्रॅमला कळवायचं, म्हणजे तेही त्याला बटण दाबल्यासारखंच आपोआप ऐकू येतं. डबा रुसून बसला तर ती प्रत अडकेल, मूळ प्रोग्रॅमचं काही अडणार नाही. साहेबांनी मला हेच सुचवलं होतं. मी नाक मुरडलं. मशीनची मेमरी तुटपुंजी, त्यात आणखी एकाला कशाला पोसायचं? सगळं एकातच बसवून दाखवते, म्हटलं. बटणांकडे बघायचं, मध्येच डब्याला विचारायचं, उत्तर घ्यायचं, परत बटणांकडे यायचं. डबा उत्तराला पाव सेकंद घेई, तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय! साहेब म्हणाले, बघ बाई.

डबा उत्तरच देणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. येणार कसं? आमच्या भागात कारखान्यांची वीज शुक्रवारी बंद, म्हणून साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. मी शनिवार ते गुरुवार कामावर, आणि माझ्या सगळ्या चाचण्याही शनिवार ते गुरुवार. शुक्रवारी मी घरी केस धुवायचे आणि आईशी वाद घालायचे. त्या दिवशी कारखान्यात काय चालू राहतं, कशावर चालतं, हे मी कधी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

शिकवताना मात्र मी भारी कडक. मामांना सवय होती, घंटा वाजवायची आणि तरी स्वतः पळत जाऊन पाणी सुटलं का बघून यायचं. मी त्यांना चक्क दमात घेतलं. बटण दाबलं की टर्मिनलपाशीच थांबायचं, ‘पोचलं’ येईपर्यंत जागा सोडायची नाही, नाहीतर माझी नोंद बिघडते. दोन्ही ठेवलं तर लोक घंटाच वाजवत बसतील म्हणून मी घंटाही काढायला लावली. मामा म्हणाले, तुम्ही म्हनाल तसं, ताई.

तीन-चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग एकदा मालाची घाई झाली आणि गुरुवारी चढवलेली बॅच शुक्रवारी जनरेटरवर चालू ठेवायचं ठरलं. ड्यूटीला एकटे मामा. पलीकडच्या शेडमध्ये पाण्याचा माणूस. आमचं मशीन आणि टर्मिनलं बॅटरीवर, त्यांना काहीच झालं नाही. भिंतीवरच्या डब्याची वायर मात्र कुणीतरी दिव्यांच्या लाइनवर दिली होती, आणि दिव्यांची लाइन जनरेटरवर नव्हती. वीज गेली तसा डबा गप्प झाला. माझ्या प्रोग्रॅमनं नेमकं तेव्हाच त्याला विचारलं होतं, तिसऱ्याचं किती? आणि उत्तराची वाट बघत तो तिथंच उभा राहिला. बटणांकडे वळायला तो मोकळाच नव्हता.

अर्ध्या तासानं सहाव्या व्हेसलचा थर्मामीटर चढलेला मामांना दिसला. त्यांनी येऊन बटण दाबलं. काही उमटलं नाही, आणि पलीकडे बझरही वाजला नाही. पुन्हा दाबलं. एकूण चार वेळा दाबलं आणि पडद्याकडे बघत उभे राहिले, कारण जागा सोडायची नाही असं ताईंनी सांगितलं होतं. मग वास आला तेव्हा सगळं सोडून पाण्याच्या शेडकडे पळाले. तोवर उशीर झाला होता. माल फसफसून झाकणातून वर आला आणि गटारात गेला. कुणाला इजा झाली नाही. पण अख्खी बॅच गेली, तीही घाईची.

नंतर साफसफाईला उजेड हवा म्हणून इलेक्ट्रिशियननं दिव्यांची लाइन जनरेटरवर घेतली. डबा जागा झाला. जागा होताना तो स्वतःचं नाव आणि नंबर पाठवायचा. प्रोग्रॅमला वाटलं आलं उत्तर. सुटला एकदाचा आणि बटणांकडे वळला. तिथं मामांचे चार ठोके रांगेत पडून होते. त्यानं ते इमानदारीत उचलले आणि नोंदले. वेळ कुठली टाकली? उचलल्याची. दाबल्याची वेळ त्याला माहीतच नव्हती.

शनिवारी सकाळी तो कागद माझ्या टेबलावर आला. माल गटारात गेल्यावर वीस मिनिटांनी मामांनी चार वेळा बटण दाबलं, असं त्यावरून दिसत होतं. चारही एकाच सेकंदात. मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले. कुठलाही माणूस एका सेकंदात चार वेळा बटण दाबून, वर प्रत्येक वेळी पडद्याकडे बघू शकत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला सगळं उलगडलं होतं. सांगायला साहेबांच्या दारापर्यंत गेलेही. आत कुणीतरी बसलं होतं. मी परत फिरले, आणि खरं सांगू, कुणीतरी बसलं होतं याचं मला बरं वाटलं. रविवारी मी मुकाट्यानं डब्याचं काम फोर्क करून वेगळं काढलं.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मॅनेजर, लेबर ऑफिसर, आमचे साहेब आणि मी खुर्चीत. मामा दाराशी उभे. तापमानाची नोंद तेवढ्या वेळात का नाही, हे आधी निघालं. डब्याला वीज नव्हती, मी म्हटलं. सगळ्यांना पटलं. बटणाचा आणि डब्याचा संबंध काय, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, फार तर साहेबांना. मामा म्हणाले, “मी आधी दाबलं व्हतं. चार येळा दाबलं.” मॅनेजरनं कागद पुढे केला आणि म्हणाले की चार वेळा दाबलंत हे खरंच आहे, पण सगळं वाहून गेल्यावर, अंगावर येऊ नये म्हणून. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, यात मशीनची चूक असू शकते का?

मी म्हटलं, “मशीन घड्याळातली वेळच छापतं, सर.”

अक्षर न् अक्षर खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खोटं वाक्य तेच. मामा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, ताई आता पुढचं बोलतील अशा नजरेनं. मी कागदावरचे आकडेच वाचत राहिले. नोकरी जाईल, बायकांना हे जमत नाही असं म्हणतील, घरी काय तोंड दाखवू, हे सगळं डोक्यात होतं. मामांचं काय होईल हेही होतं, पण ते मी मागे ढकललं.

त्यांना व्हेसलवरून काढलं आणि मागच्या यार्डात ड्रम धुवायला दिलं. वीस वर्षांचा ऑपरेटर नळी घेऊन ड्रम धुताना दिसायला लागला. मी यार्डाच्या बाजूनं जाणंच बंद केलं, लांबचा वळसा घालून कॅन्टीनला जायचे. वर्ष व्हायच्या आत ते नोकरी सोडून गेल्याचं कानावर आलं. दरम्यान मला कायम केलं होतं. साहेबांनी माझा बदललेला प्रोग्रॅम वाचला तेव्हा एवढंच म्हणाले, आता फोर्क केलंस होय. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पान उलटलं. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

पुढे काही दिवस मी इतका धसका घेतला होता की जिथं तिथं फोर्क. वजनकाटा विचारल्याबरोबर उत्तर देणारा, त्यालाही वेगळी प्रत. काम संपलेल्या प्रती मी नीट आवरत नसे, त्या मशीनमध्ये साचल्या आणि एक दिवस सगळंच ठप्प झालं. साहेबांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. तेव्हा कुठे तारतम्य आलं. समोरचा लगेच उत्तर देत असेल तर आपणच विचारावं. तो गप्प बसण्याची शक्यता असेल आणि तेवढ्यात दुसरं कुणी आपल्याला हाक मारणार असेल, तर विचारायला वेगळं कुणी पाठवावं. मामांनी हे मला वहीत लिहायला लावलं होतं म्हणा ना, फक्त मी परत वाचलं नव्हतं.

पंच्याण्णवच्या सुमारास नोकरी सोडून मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका क्लासमध्ये शिकवायला लागले. खाली चेन-बटणांचं होलसेल दुकान, वर आमचे कॉम्प्युटर. विद्यार्थी बहुतेक सिंधी व्यापाऱ्यांच्या घरचे. फोर्क कधी करायचं हे शिकवताना मी ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगायचे. माझी म्हणून नाही. एका कारखान्यात एका प्रोग्रॅमरनं असं केलं, म्हणून. एकाच सेकंदात चार वेळा, इथं हमखास हशा पिकायचा. मीही हसायचे. शरम वाटत नव्हती का? वाटत होती. तरी दर बॅचला सांगायचे.

एका बॅचला कापडवाल्यांची सून होती, माझ्याच वयाची, कमी बोलणारी. सगळे हसले, ती हसली नाही. तिनं विचारलं, “मॅडम, फिर उस आदमी को किसीने बताया?”

मी म्हटलं, वेळ संपली. आणि फळा पुसला.

त्या रविवारी मी वांगणीला गेले. स्टेशनपासून विचारत विचारत वाडी सापडली. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. मामा अंगणात बसून बियाणं निवडत होते. म्हातारे झाले होते, पण मला लगेच ओळखलं. उठून बाजेवर बसायला जागा दिली, मामींनी पाणी आणलं. मी पाणी हातात धरूनच सांगायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. फोर्क वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही बटण दाबलंत तेव्हा माझा प्रोग्रॅम डब्याच्या दारात अडकला होता, त्याला तुमची हाक ऐकूच आली नाही. नंतर सुटला तेव्हा त्यानं ती लिहिली, आणि वेळ चुकीची पडली. मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

मामांनी हातातले दाणे सुपात परत टाकले. म्हणाले, “म्हंजे मी आधीच दाबलं व्हतं?”

“आधीच दाबलं होतं, मामा.”

ते सांगायला लागले. पहिलं वर्षभर ते सगळ्यांना सांगत होते, मी आधी दाबलं. लोक म्हणायचे, कागदावर आलंय ते खोटं कसं असेल. जोडीदारसुद्धा म्हणाला, घाबरल्यावर माणसाला मागचं-पुढचं कळत नाही. हळूहळू त्यांनाही तसंच वाटायला लागलं. आपणच घाबरून नुसते उभे राहिलो असू, आणि नंतर दाबलं असेल. मग सांगणं बंद केलं. वाडीत पाण्याचा पंप आला, चालवायला लोक त्यांनाच बोलवायला आले. यांनी नाही म्हटलं. मला म्हणाले, ऐन वेळेला आपला हात चालत नाय, म्हनून घेतलं नाय.

मला वाटलं होतं ते चिडतील. शिव्या घालतील. त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी आत हाक मारून मामींना बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, “परत सांगा, ताई. हिच्यासमोर सांगा.”

मी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. मामी उभ्यानंच ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं की हे तेव्हा का नाही बोललात. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, माझी नोकरी जाईल अशी भीती वाटली.

मामी म्हणाल्या, “आन् यांची गेली ती?”

मी मामांकडे बघितलं. ते मान खाली घालून बियाणं निवडत होते.